तारा उतरल्यावर

सेलू, गंगाखेड या गांवांहून मुलांच्या दांतांच्या तारांसाठीं परभणीस फेऱ्या घालणारीं कुटुंबें आतां पुष्कळ आहेत. दीड-दोन वर्षांनीं तारा उतरल्या, कीं कार्य सिद्धीस गेलें असें घरांत वाटतें. डॉक्टरांनीं दिलेला ‘रिटेनर’ डबींत पडून राहतो आणि सरळ झालेले दांत पुन्हा वांकडे दिसूं लागतात.

यांत दोष तारांचा नव्हे. दांत हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो सूक्ष्म तंतूंनीं धरलेला असतो. मुळाभोंवतालचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागीं स्थिरावतात. परंतु हिरडींतील लवचिक तंतू वर्षभर, क्वचित् त्याहूनहि अधिक काळ, दांताला जुन्या जागेकडे ओढीत राहतात. शिवाय वयोमानानें खालचे पुढील दांत दाटतात. ज्यांनीं तारा कधीं लावल्या नाहींत, त्यांचेहि. म्हणून डॉक्टर सांगतील तितकीं वर्षें रात्रीं रिटेनर घालणें अवश्य आहे.

तो थंड पाण्यानेंच धुवावा. गरम पाण्यानें, किंवा परभणीच्या मे महिन्यांतील उन्हांत राहिल्यास, त्याचा आकार बिघडतो. तो घट्ट बसूं लागला, तर दांत सरकल्याची ती पहिली सूचना समजावी. बळानें दाबूं नये. लगेच दंतवैद्यांस दाखवावें. थोडें सरकलेलें थोडक्यांत सुधारतें.

घरीं दांतांना रबर मात्र कदापि बांधूं नये. तें हिरडीखालीं सरकून मुळाभोंवतालचें हाड झिजवितें आणि निरोगी दांत गमवावा लागतो.

दोन वर्षांचे हेलपाटे व्यर्थ जाऊं नयेत, यासाठीं निजण्यापूर्वीं आईबापांनीं मुलांस एवढी एक आठवण द्यावी.