धवलेरीचं लेकरू कोण घेणार?



माघ सरता सरता तलासरीकडच्या एका पाड्यावर आमची गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वही उघडली, आणि एका बाईच्या नावापुढे आम्ही सवयीने दहा रुपये दंड लिहिला. सलग दोन बैठकांना ती आली नव्हती. नियमित बैठक हे आपलं पहिलं सूत्र, तेव्हा लिहिताना आमचा हात अडखळलाही नाही. तिने पदराच्या गाठीतून दहाची नोट काढून सतरंजीवर ठेवली आणि म्हणाली, "घ्या ताई. आता दंड लागायचा नाही. मी लग्नांना जायचं बंद करते."

ती धवलेरी आहे.

आपल्या भागातल्या बायांना हे सांगायला नको, पण दूरच्या मैत्रिणींसाठी सांगतो. वारली लग्नात देवाधर्माचं काम धवलेरी बाई करते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, पालघट देवीला बोलावलं जातं, हळद लागते, नवरानवरी उभी राहतात, आणि या सगळ्याला गाणं तिचं. ती गाते तेव्हा विधी पुढे सरकतो. ती थांबली की मांडव थांबतो. दोन-दोन, तीन-तीन दिवस हे चालतं. गाणी कुठल्या पुस्तकात बघून म्हणायची नसतात, सगळी तोंडपाठ. ही आमची बाई आपल्या सासूकडून शिकली. सासूचा आवाज बसला तेव्हा काम हिच्याकडे आलं.

मग बंद का? तर धाकटं अंगावर पितंय. थोरली आश्रमशाळेत. नवरा उंबरगावला कंपनीत, कधी रात्रपाळी, कधी दिवसपाळी. सासूला डोळ्यांनी नीट दिसत नाही. मागच्या लग्नात मध्यरात्री बाळ रडायला लागलं. हिने गाता गाताच त्याला पदराखाली घेतलं, तर मांडवातलं कोणीतरी बोललं, "पोर घेऊन कशाला येतेस?" लग्न त्यांचं, गाणं त्यांना हवं, आणि पोर तेवढं नको!

बैठकीत सगळ्या गप्प बसल्या. आम्हीही. दंड तर आम्हीच लिहिला होता ना.

त्या रात्री घरी आल्यावर आम्हाला विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आठवल्या. तमाशातलं फार मोठं नाव. 1957 साली आणि पुन्हा 1990 साली त्यांना राष्ट्रपतींच्या हातून गौरव मिळाला. त्यांची एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली असेल. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि पुन्हा लोकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. ही गोष्ट भाषणात आली की टाळ्या पडतात. आम्हीही एका महिला दिनाला ती सांगितली आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. पण आता वाटतं, बाईच्या हिमतीला टाळ्या वाजवताना आपण एक विचारायचं विसरलो. ओल्या बाळंतिणीला "आजचा खेळ राहू दे" असं म्हणण्याजोगी सोय त्या धंद्यात का नव्हती? पोट भरायचं तर उभं राहायलाच लागत होतं. तेव्हा ही गोष्ट हिमतीची खरी, पण सोय नसल्याचीही आहे. त्यांची थोरली मुलगी मंगला बनसोडे याही तमाशातच नावाजल्या, आणि मंगलाताईंचा मुलगाही त्याच फडावर उभा राहिला. म्हणजे कला पोरांपर्यंत पोचली. किती ओढाताण करून पोचली, ते त्या घरालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट गोव्यातल्या कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकरांची. मोठ्या शास्त्रीय गायिका. 1939 साली नवरा गेला, पदरात तीन लेकरं. मुंबईत शिकवण्या करायच्या, बैठकी गायच्या आणि घर चालवायचं. थोरली लेक आईच्या मागे तानपुरा घेऊन बसायची. ती लेक म्हणजे किशोरी आमोणकर. पोरीला घरी ठेवायचं की गाण्याला घेऊन जायचं, असा प्रश्न पडतो तेव्हा मागे तानपुऱ्यावर बसलेली ती पोर आम्हाला दिसते. शिकवणं वेगळं आणि सोबत बसवून घेणं वेगळं. लेकरू शेजारी बसलं की अर्धं त्याचं तोच शिकतं.

तारप्याचंही तसंच आहे. आपल्याच जिल्ह्यातले, जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली. वय नव्वदीच्या पुढे. वाजवण्याचा वारसा बापजाद्यांकडून आलेला, आणि तारपा स्वतः बनवतात. सुका दुधी, बांबू, ताडाचं पान, मेण, सगळं आपल्या आसपासचं. नाकाने श्वास घेत तोंडाने फुंकत राहायचं, सूर तुटू द्यायचा नाही. हे वहीत लिहून येत नाही. बापाच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या पोरालाच ते येतं. आता आमचा खवचटपणा समजा, पण तारपा बापाकडून पोराकडे निवांत जातो, कारण बाप रात्रभर नाचात वाजवत असतो तेव्हा धाकट्याला निजवायला घरात कोणीतरी असतं. धवलेरीच्या घरात ते "कोणीतरी" तीच असते.

पैशाचंही बोलू. चौक सुवासिनी लिहायच्या, तेव्हाच धवलेरी गायची. डहाणूतल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशेंनी वारली चित्र कागदावर आणलं, देशोदेशी नेलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज आपल्या कितीतरी गटांच्या बाया कापडावर, मातीच्या भांड्यांवर ती चित्रं काढून चार पैसे कमावतात. चांगलंच झालं. पण त्याच भिंतीसमोर गाणाऱ्या बाईच्या ओटीत पडतं काय? लुगडं, तांदूळ, नारळ, थोडे पैसे. चित्र विकत घेऊन घरी नेता येतं. गाणं ऐकायला मांडवातच यावं लागतं, म्हणून त्याचा भाव कोणी केला नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही हा विषय घेतला. दोन तास भांडण झालं. एक म्हातारी म्हणाली, आमच्या वेळी पोरं झोळीत घालून नेत होतो, कोण मेलं? दुसरी म्हणाली, तुझी नणंद होती सोबत, ते सांग की. शेवटी असं ठरलं: लग्नसराईत धवलेरीची गैरहजेरी दंडात धरायची नाही, बचत मात्र आगाऊ द्यायची. लग्नाला तिच्यासोबत गटातली एक बाई जाईल, बाळ तिच्याकडे. त्या बाईचं जेवण आणि रोज लग्नघराने द्यायचा, आणि हे धवलेरीला बोलावणं येईल तेव्हाच सांगायचं. मागून मागायला तोंड उचलत नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच लग्नात रोज द्यायला लग्नघर तयार होईना. गटातल्या दोघी जाऊन बसल्या तेव्हा निम्मा मिळाला. आणि बाळ सांभाळायला गेलेली बाई पहाटे स्वतःच नाचात शिरली. बाळ सापडलं नवरीच्या मावशीच्या मांडीवर, शांत झोपलेलं.

थोरलीचा प्रश्न राहतो. आश्रमशाळेतल्या पोरी लग्नसराईत शाळेत असतात. घरी येतात त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, तोवर बरीच लग्नं उरकलेली. शाळेत पोरगी शिकते हे हवंच आहे, त्यावर आमचं दुमत नाही. कोणी सुचवलं, मोबाइलमध्ये गाणी भरून पोरीला द्या. आम्हाला पटलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "त्यात गाणं जाईल. कुठल्या वेळेला कुठलं, ते कसं जाणार?"

म्हणून सुट्टीतलं एक लग्न राखून ठेवलं होतं, डहाणूकडच्या नात्यातलं. थोरली आईच्या उजव्या हाताला बसली. सासूबाई मागे, भिंतीला टेकून. पोरगी आधी लाजली, मग ओळीचं शेवटचं टोक धरून आईच्या मागोमाग म्हणायला लागली. एका ठिकाणी ती आईच्या आधीच पुढे गेली, तर मागून म्हातारीने तिच्या पाठीवर टिचकी मारली. बाळ आमच्याकडे होतं. हातावरची हळद त्याने आमच्या हजेरीवहीला पुसली, तो डाग अजून तसाच आहे.