अंधारातली गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रात्रीच्या गाडीचा विषय निघाला की आपण लगेच हळवे होतो. दूरची शिट्टी, उजेडाच्या खिडक्यांची माळ, कुणाची तरी आठवण. त्या हळवेपणाला माझी ना नाही. पण अंधारातल्या गाडीचे आवाज आणि दिवे हे मुळात निरोप असतात. आपण ते हौसेनं ऐकतो. काही माणसांना मात्र ते ऐकावेच लागतात.

दिवसा जिचा पत्ताही लागत नाही, ती गाडी रात्री इतकी जवळ कशी वाटते? सामसूम असते म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. सूर्य मावळल्यावर जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची हवा त्या मानानं उबदार राहते. गार हवेत आवाज किंचित सावकाश जातो. त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून हिवाळ्यातल्या निरभ्र, पडल्या वाऱ्याच्या रात्री कोसभर लांबची गाडी परसदारी आल्यासारखी वाटते.

पूर्वी बर्थवर पडल्या पडल्या गाडीचा वेगही काढता यायचा. रूळ १३ मीटरचे. सांधा आला की चाकाखाली 'खडाक्'. ४७ सेकंदांत जितके सांधे मोजाल, तितके किलोमीटर ताशी वेग. करून पाहा, हिशेब बरोबर येतो. आता मात्र रूळ वितळवून सलग जोडतात, त्यामुळे बहुतेक मार्गांवरून तो ठेका गेला.

ऐकायचंच असेल तर कर्जतला ऐकावं. इथून लोणावळ्यापर्यंत भोर घाट. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला, आणि चढ कसा? तर ३७ फुटांना एक फूट. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. पुढच्या आणि मागच्या चालकामध्ये वीसएक डबे, वळणं, बोगदे. ती एकमेकांना दिसत नाहीत. वॉकीटॉकी येण्याआधी शिट्टी हीच त्यांची बोली होती: पुढून विचारायचं, मागून उत्तर द्यायचं. मध्यरात्री या शिट्ट्या डोंगरावर आपटून परत येतात, तेव्हा दोनाची चार इंजिनं बोलताहेत असं वाटतं. उतरणाऱ्या गाडीचा आवाज निराळा. तेव्हा इंजिनातल्या मोटारीच जनित्रासारख्या फिरवून वेग आवरतात. त्याचा घुमता सूर, आणि मागोमाग तापलेल्या ब्रेकचा वास.

गाडी गेली की लोक पाठ फिरवतात. तसं करू नका. शेवटच्या डब्याचा लाल दिवा पाहायचा राहतो. तो दिसला म्हणजे गाडी अख्खी गेली, मागे एखादा डबा सुटून राहिलेला नाही. स्टेशनवरचा माणूस भर पावसात फलाटावर उभा राहतो तो त्यासाठीच.

पण अंधाराशी खरी गाठ असते गस्तवाल्याची. पावसाळ्यात दरडीसाठी आणि थंडीत रूळ आखडून तडकतात म्हणून, तो रात्रभर आपल्या हद्दीत रुळांकाठानं चालतो. हातात दिवा, जवळ फटाके. हे फटाके रुळावर बांधायचे असतात. चाक वरून गेलं की आवाज होतो आणि चालक गाडी थांबवतो. वाटेत दरड दिसली, तर नियम असा: ६०० मीटरवर एक फटाका, १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात लाल दिवा हलवत, येणाऱ्या गाडीच्या दिशेनं, ओल्या खडीवरून सव्वा किलोमीटर धावायचं असतं.

आणि त्याच्या कानांवर आता पूर्वीसारखं विसंबता येत नाही. कोळशाचं इंजिन लांबूनच वर्दी द्यायचं. विजेचं इंजिन, सलग रूळ, म्हणजे आपल्याला निवांत झोप. रुळावरच्या माणसाला मात्र गाडी अगदी जवळ येईतो कळत नाही. भोर घाटात तर मार्ग तीन. एकावर मालगाडी धडधडत असताना दुसरीवरची गाडी ऐकू यायची कशी? रुळांवर काम करणारी माणसं अशीच दगावतात. धोक्याचा इशारा देणारं यंत्र त्यांतल्या प्रत्येकाच्या हाती असायलाच हवं. गाड्यांचा वेग वाढवण्याच्या गप्पा आपण खूप ऐकतो. ही गोष्ट त्याआधी यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंदा पावसाळ्यात रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाल, तेव्हा कर्जत सुटल्यावर डब्यातला दिवा मालवा आणि काचेला नाक लावून बसा. बोगद्याच्या तोंडाशी किंवा एखाद्या वळणावर जमिनीपासून हातभर उंच, लहानसा उजेड दिसेल. क्षणभरच दिसतो. गस्तवाला गाडीला वाट देऊन बाजूला उभा असतो, आणि तोही शेवटचा लाल दिवा दिसतोय का, ते पाहत असतो.