तेलाची चिंता आणि कल्याणमित्रांचा शोध
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने विषय विचारला तेव्हा आम्ही 'तेल' असे सांगितले. काहींना वाटले, गोड्या तेलाच्या भावावर बोलणार. तेही महाग आहेच. पण आज बोलायचे आहे ते जमिनीच्या पोटातून निघणाऱ्या तेलाबद्दल. पेट्रोल, डिझेल, रॉकेल ही सगळी त्याचीच लेकरे. आम्ही सूतगिरणीतली माणसे. कापसाच्या गाठी येतात त्या डिझेलच्या ट्रकमधून, आणि पॉलिएस्टरचा धागा तर तेलापासूनच बनतो. म्हणजे अंगावरच्या कपड्यातसुद्धा तेल आहे.

आता परिस्थिती काय आहे ती बघा. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त भाग बाहेरून येतात. मुंबईच्या समुद्रात १९७४ साली 'बॉम्बे हाय' सापडले, १९७६ साली तेल निघू लागले, तेव्हा देशाला मोठा आधार वाटला. पण देशात निघणारे तेल २०११-१२ साली सुमारे ३ कोटी ८० लाख टनांवर गेले आणि मग उतरत उतरत २०२३-२४ साली ३ कोटी टनांच्याही खाली आले. गाड्या वाढल्या, तेल घटले. हा हिशेब समजायला कॉलेज लागत नाही.

तेल संपणार म्हणजे उद्या सकाळी पंपावर कुलूप लागणार, असे नव्हे. आपल्या दुष्काळी भागातल्या पाण्यासारखे ते आहे. आधी झऱ्याला ओंजळ लावली की पाणी मिळायचे. मग आड खोदला, मग विहीर, मग बोअर. पाणी मिळते, पण दर वेळी खोल जावे लागते आणि खर्च वाढतो. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचे बोअर पाचशे फूट जाते आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. तेलाचेही असेच चालले आहे.

अमेरिकेत हबर्ट नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५६ साली सांगितले की अमेरिकेचे तेल १९७० च्या आसपास कळसाला पोचेल आणि मग उतरेल. लोक हसले, पण १९७० नंतर तसेच घडले. मात्र पुढे खडक फोडून तेल काढायची युक्ती निघाली आणि २०१८ साली अमेरिकेने जुना आकडा मागे टाकला. तेव्हा भीती घालणारे पुरते खरे ठरले नाहीत, आणि काही होत नाही म्हणणारेही खरे ठरले नाहीत. भाव मात्र झोके घेत राहिला. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखले तेव्हा काही महिन्यांत भाव चौपट झाला. २००८ च्या जुलैत पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेला आणि त्याच वर्षाअखेर ४० च्या आत आला.

या झोक्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. भाव चढला की पारावर, चहाच्या गाड्यावर, पाळी सुटल्यावर गेटवर, सगळीकडे तेलाची चर्चा होते. भाव उतरला की मंडळी पांगतात. ज्याला खरोखर काळजी वाटते तो मागे एकटा राहतो. घरात बोलला तर बायको म्हणते, "आधी सिलिंडर आणा, मग जगाचं बघा." मित्रांत बोलला तर म्हणतात, "हा काय नवीन ज्योतिषी!" भीतीवर जमलेली माणसे टिकत नाहीत. मग टिकणारी माणसे कशी जमतात? याचे उत्तर शोधायला लांब जायचे कारण नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातच ते आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. सातारा, सांगली, कोल्हापूरची कितीतरी माणसे त्यात होती. संप लांबला, खोलीचे भाडे थकले, आणि खानापूर तालुक्यातले कामगार गावाकडे परतले. इथे काय होते? दुष्काळ. रोजगार हमीवर खडी फोडायची, पुढच्या वर्षी दुसऱ्या रस्त्याला परत खडी फोडायची. दुष्काळ जिथल्या तिथेच.

या कामगारांना युनियनची सवय होती. मोर्चा कसा काढायचा, निवेदन कसे द्यायचे, दहा गावांची माणसे एकत्र कशी आणायची, हे ते गिरणगावात शिकले होते. शेतमजूर बाया, कोरडवाहू शेतकरी आणि हे कामगार एकत्र आले. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर यांच्यासारखे कार्यकर्ते सोबत आले आणि 'मुक्ती संघर्ष' ही चळवळ उभी राहिली. त्यांची मागणी साधी होती. खडी फोडायला लावू नका, दुष्काळ कायमचा जाईल असे काम द्या.

पुढे येरळा नदीचा प्रश्न निघाला. ठेकेदार वाळू उपसून नेत होते आणि काठच्या विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी म्हटले, वाळू आमच्या नदीची आहे, थोडी आम्हीच विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. सरकारशी भांडावे लागले, श्रमदान करावे लागले. के. आर. दाते यांच्यासारखे नामवंत इंजिनिअर त्यांच्या मदतीला आले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बळीराजा धरण उभे राहिले. पाणीवाटपाचे तत्त्व असे ठरले की जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्यात सारखा वाटा. भूमिहीनालाही! बंधूंनो, आपल्यापैकी किती घरांच्या नावावर जमीन आहे ते आठवा, म्हणजे या एका तत्त्वाची किंमत कळेल.

तुम्ही म्हणाल, ही तर पाण्याची गोष्ट झाली, तेलाचे काय? तिथेच येतो. दाते साहेबांना या कामातून पुढचा प्रश्न दिसत होता. धरणाला सिमेंट आणि लोखंड लागते, शेताला रासायनिक खत लागते, मोटारीला वीज लागते. या सगळ्यामागे कोळसा आणि तेल जळते. ते महाग झाले की गरिबाचा विकास थांबणार. म्हणून त्यांचे म्हणणे असे की थोडे पाणी झाडोऱ्याला द्या, गावातच लाकूडफाटा, बांबू, पालापाचोळा पिकवा, त्यातून इंधनही मिळेल आणि बांधकामाचा मालही. सुहास परांजपे आणि के. जे. जॉय यांच्यासोबत त्यांनी यावर 'बँकिंग ऑन बायोमास' हे पुस्तक १९९७ साली लिहिले. यातले जॉय हे मुक्ती संघर्षाचेच कार्यकर्ते. म्हणजे तेलाच्या चिंतेवर विचार करणारी माणसे भेटली ती तेलाच्या सभेत नव्हे, येरळेच्या वाळूत भेटली.

दुसरे उदाहरण तासगावच्या द्राक्षबागांचे. प्रा. श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. आपल्या रानात जो प्रयोग करतो, नोंद ठेवतो आणि दुसऱ्याला मोकळेपणी सांगतो, तो परिवारातला. पत्रे लिहायची आणि एकमेकांच्या बागेत जाऊन बघायचे. झाडाचे पान म्हणजे ऊन पकडणारा कारखाना, हे त्यांनी शेतकऱ्याला समजावले. तेल म्हणजे तरी काय, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे साठवलेले ऊनच. साठवलेले सरत आले तर रोजचे ऊन नीट धरायला शिकले पाहिजे.

या दोन्ही उदाहरणांतून आम्हाला एक समजले. समविचारी माणसे तयार मिळत नाहीत. आधी समदुःखी माणसे शोधावी लागतात. एकत्र काम करता करता विचार जुळतात. जो तुमच्यासारखे बोलतो त्याला शोधू नका, ज्याच्या डोक्यावर तुमच्यासारखेच ओझे आहे त्याच्याकडे जा. रोज तीस किलोमीटर मोटारसायकलने एमआयडीसीत जाणारा पोरगा, सिलिंडर परवडेना म्हणून परत चुलीपुढे बसलेली बाई, डिझेल परवडेना झालेला टेम्पोवाला, एसटीची फेरी बंद झाली म्हणून शाळा सुटलेली मुलगी. हे आपले लोक आहेत. 'तेलाचा कळस' हा शब्द त्यांना ठाऊक नसला तरी तेलाची झळ ठाऊक आहे.

धम्मात यालाच कल्याणमित्र म्हटले आहे. भदंत आनंदाला वाटले होते की कल्याणमित्रता म्हणजे धम्ममार्गाचा अर्धा भाग. तथागतांनी सांगितले, अर्धा नव्हे, संपूर्ण मार्गच. ही गोष्ट आपण पौर्णिमेला ऐकतो आणि घरी जातो. ती रोजच्या व्यवहारात आणायची आहे.

आणि बाबासाहेबांकडे बघा. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज या विषयांचे कामही त्यांच्या खात्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, त्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. ऊर्जा हा विषय साहेबलोकांचा नाही, तो आपला आहे, हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी दाखवून दिले.

आज आपल्या दोन जिल्ह्यांत काय चित्र आहे? पाटण तालुक्यात वनकुसवडेच्या पठारावर आणि सांगलीत ढालगाव भागात पवनचक्क्या फिरताहेत. कोयनेची वीज राज्याला मिळते, पण धरणात जमीन गेलेल्यांची पोरे पुनर्वसनासाठी आजही आंदोलन करतात. उसाच्या पट्ट्यात पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल होते. २०२५ साली मिश्रण शंभरात वीसवर गेले. पण उसाला पाणी लागते. तेलाची तहान पाण्यावर भागवायची, तर कुणाच्या वाट्याचे पाणी जाणार? वारा आपला, डोंगर आपला, नदी आपली, आणि मालकी कुणाची? हा प्रश्न एकट्याने विचारला तर कुणी उत्तर देत नाही. पन्नास घरांनी विचारला तर द्यावे लागते.

तेल अचानक कमी झाले तर काय होते, ते क्युबा देशाने सोसले. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि क्युबाचे तेल निम्म्याहून जास्त घटले. लोकांनी सायकली धरल्या, बैल जुंपले, शहरातल्या पडीक जागेत भाजी लावली. हाल झाले, उपासमार झाली, पण ते सावरले ते वस्तीवस्तीने एकत्र आल्यामुळे.

म्हणून आमची विनंती मोठी नाही. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास थांबायचे. एक वही करायची. प्रत्येक घराने पेट्रोल, सिलिंडर आणि लाइटबिलाचा महिन्याचा खर्च त्यात लिहायचा. सहा महिन्यांनी वही उघडली की आपले दुखणे आपल्याच अक्षरात दिसेल. कोण एका बाजूला कामाला जातात ते कळेल, चार मोटारसायकलींच्या जागी दोन निघतील. बंद झालेल्या एसटीसाठी डेपोत एकत्र जाता येईल. विहाराच्या छपरावर सौर पाट्या बसवायच्या का, याचा हिशेब मांडता येईल. वही महिला मंडळाकडे असावी, कारण चुलीचा हिशेब त्यांना पक्का माहीत असतो. आणि वस्तीबाहेरचा, दुसऱ्या समाजाचा माणूस आला तर त्यालाही बसायला जागा द्यायची. येरळेच्या काठी धरण एकाच आळीने बांधले नव्हते.

तेल कमी होणे आपल्या हातात नाही. कमी झालेले कुणाच्या ताटात किती पडेल, हे मात्र संघटनेवर ठरते. संघटना अडचण आल्यावर उभी राहत नाही, आधी उभी करावी लागते. पुढच्या पौर्णिमेला वही घेऊन आम्ही इथे बसलेले असू. आपण या.

जयभीम. नमो बुद्धाय.