मठ्ठ कोण: मेंदू की मास्तर?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेत विषय छापलाय, 'मेंदू आणि यंत्र: उद्याचे जग'. उद्याचं जग उद्या बघू. (हशा) मी जन्मभर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्यामुळे फिरून फिरून शिकवण्यावरच येणार. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून माणसाच्या मेंदूच्या लहरी हान्स बर्गर यांनी येनाला 1924 साली टिपल्या, पुढे त्यांवर संगणक चालवायची कल्पना निघाली, हे सगळं आपण वाचलेलं आहे. ते गृहीत धरतो. पेपरात मात्र बातमी एकच येते: रुग्णानं मनात आणलं आणि पडद्यावरचा बाण हलला. माझं भांडण इथेच आहे. नुसतं मनात आणून काही हलत नाही. ते शिकावं लागतं, आणि कुणीतरी धड शिकवावं लागतं.

1969 साली सिअ‍ॅटलला एबरहार्ड फेट्झ यांनी माकडाच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे ठोके मीटरच्या काट्याला जोडले. पेशी जोरात चालली की काटा सरके, खुणेपर्यंत गेला की केळ्याच्या स्वादाची गोळी. थोड्या सरावानंतर माकडं पेशीचा वेग दीडपट ते सहापट करू लागली. 'मन एकाग्र कर रे' असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. (हशा) काटा दिसत होता आणि गोळी वेळेवर मिळत होती.

आता माणसाचं बघा. ऑस्ट्रियात ग्राट्झच्या प्रयोगशाळेतून निघालेली पद्धत जगभर चालते. डावा हात हलवतोय अशी नुसती कल्पना करायची. मग मेंदूच्या उजव्या बाजूची एक लहर मंदावते. पडद्यावर बाण येतो, तुम्ही कल्पना करता, एक पट्टी डावीकडे नाहीतर उजवीकडे लांबते. पुन्हा बाण, पुन्हा पट्टी. पट्टी उलटी गेली तर का गेली? पट्टी बोलत नाही. हात डोळ्यांसमोर आणून भागत नाही, मूठ वळताना मनगटात येणारा ताण आतून जाणवावा लागतो, हे ज्याला कुणी सांगितलंच नाही तो आपला हाताचा फोटो बघत बसतो. अशा तऱ्हेनं 15 ते 30 टक्के लोकांना जमत नाही, आणि संशोधकांनी त्यांना चक्क 'निरक्षर' म्हणून टाकलं.

आमच्या गावात एक टायपिंग क्लास होता. जिन्याखालची खोली, आठ रेमिंग्टन, आणि त्यांच्या आवाजावरही ओरडू शकणारे सर. इथे तीसची परीक्षा दिलेले किती आहेत? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! सर कळांवर लाकडी झाकण ठेवत. बोटं आत, नजर कागदावर. आणि चुकलेला कागद बघून ते सांगत, 'तुझी करंगळी आळशी आहे, ए दाबताना अनामिका घुसते.' करंगळी! मग चार दिवस फक्त करंगळीचे धडे. त्यांनी चाळीसच्या वेगाचा पुठ्ठा समोर टांगून नुसतं 'नापास, नापास' म्हटलं असतं, तर आज या तालुक्याच्या कचेऱ्यांत एक अर्ज टाइप झाला नसता. पुढे त्या क्लासात संगणक आले तेव्हा सरांनी काय केलं... नको. अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. चहाच्या वेळी विचारा.

पहिल्या रांगेतली डॉक्टर मंडळी हसताहेत. मी वैद्यकातला नाही, कबूल. पण दोष मेंदूचा नसून शिकवण्याच्या तऱ्हेचा असू शकतो, हे माझ्या पदरचं नाही. फ्रान्समध्ये कामिय झ्युने, फाबियां लॉत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली एक खोडसाळ प्रयोग छापला. मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी बाजूला ठेवली. 54 जणांना साध्या हातानं वर्तुळ आणि त्रिकोण काढायला लावले, पण शिकवायची तऱ्हा तीच ठेवली: बाण आणि मुकी पट्टी. सुमारे 17 टक्क्यांना ते जमलं नाही. त्रिकोण! हातानं! (हशा, टाळ्या) आता यांना कुठल्या शाळेत घालायचं?

यावर उत्तर तयार असतं, यंत्रच हुशार करा. बर्लिनच्या मंडळींनी केलं, आणि चांगलं केलं. लहरी ओळखायचं बरंचसं ओझं त्यांनी संगणकावर टाकलं. मी संगणकाच्या विरुद्ध नाही, उगीच तसं पसरवू नका. पण माणूस शिकायचा राहिला तर यंत्र ओळखणार काय?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ट्यूबिंगेनची हकीकत गेली. (सभागृहातून: 'सांगा, सांगा!') बरं, दोन वाक्यांत. तिथे नील्स बिरबाउमर यांनी 1999 साली संपूर्ण पांगळ्या झालेल्या रुग्णांना लहरींनी अक्षरं निवडायला शिकवलं. महिनोन्महिने सराव, आणि हाती मिनिटाला जेमतेम दोन अक्षरं. पण त्या अक्षरांतून पत्र लिहिलं गेलं.

आणि झुरिकजवळची 2016 ची सायबॅथलॉन शर्यत. हातपाय न चालणारे स्पर्धक लहरींनी पडद्यावरचा धावपटू पळवत होते. चुकीचा हुकूम गेला की धावपटू मंदावे. लोझानच्या संघानं आपल्या दोघांची कित्येक महिने तालीम घेतली होती. एकानं सुवर्णपदक नेलं आणि स्पर्धेचा विक्रम दुसऱ्याच्या नावावर राहिला. त्याच वाटेनं 2022 साली छापून आलेला, लहरींनी चालवायच्या चाकाच्या खुर्चीचा प्रयोग. तिघं जण, आठवड्यातून तीनदा सराव, दोन ते पाच महिने. सुरुवातीला तिघांचीही अचूकता जेमतेम निम्मी. दोघं 95 टक्क्यांच्या वर गेले. तिसऱ्याची अचूकता सुरुवातीला थोडी वाढली आणि मग अडली. मला संशोधनाला पैसे मिळाले तर मी त्या तिसऱ्याकडे जाईन, शिकवणं कुठे अडलं ते बघायला.

शेवटचा प्रश्न, चिठ्ठीवर नाव नाही: 'बाजारात मिळणारी, कपाळावर बांधून मेंदूच्या लहरी टिपणारी पट्टी नातवाला घेऊ का?' घ्या. पण कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी जोरदार असते. दात आवळले की पडद्यावरची रेघ उसळते, आणि पोराला वाटतं, जमलं! चार दिवसांत तो मन लावून दात आवळायला शिकेल. (हशा) तेव्हा पट्टी घेतलीत तर आजोबा, तुम्ही समोर बसा आणि त्याच्या जबड्यावर लक्ष ठेवा. हो, माइक बंद करतो.