शरीराचा आतला ओळंबा



सुवर्णमहोत्सवानिमित्त आरोग्यविषयक दोन शब्द सांगण्याची आज्ञा झाली, तेव्हा मधुमेह अथवा हृदयविकार हाच विषय आपणांस अपेक्षित असावा. तथापि मी आज वयात येणाऱ्या मुलामुलींच्या पाठीच्या कण्याविषयी बोलणार आहे. कारण याबाबतीत घराघरांतून नकळत एक अन्याय घडत असतो. 'वाकडी काय उभी राहतेस, सरळ राहा!' हे ते वाक्य.

कणा मागून पाहिला असता सरळ दिसावयास हवा. काही मुलांत तो एका बाजूस वळतो आणि वळताना मणके पीळही घेतात. क्ष-किरण चित्रावर हा कोन 10 अंश वा अधिक भरला, की त्यास स्कोलिओसिस म्हणतात. दहा ते अठरा या वयात शंभरांत साधारण दोन-तीन मुलांना तो असतो. मोठी वक्रता मात्र मुलींत कितीतरी अधिक. बहुतेकांत निश्चित कारण सापडत नाही. दप्तराचे ओझे, वेडेवाकडे बसणे वा आईचे दुर्लक्ष यांमुळे तो होत नाही, हे आवर्जून सांगतो.

गवंडी भिंत बांधताना ओळंबा धरतो. तसा एक ओळंबा आपल्या आतही आहे. डोळे, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि स्नायू, सांधे, तळपाय यांकडून येणारी संवेदना, या तिघांचा मेळ घालून मेंदू 'सरळ' म्हणजे काय ते ठरवतो. तोल मोजणाऱ्या यंत्रावर उभे करून केलेल्या अनेक अभ्यासांत स्कोलिओसिस असलेली मुले समवयस्कांपेक्षा अधिक झुलताना आढळली, विशेषतः डोळे मिटल्यावर किंवा पायांखाली मऊ गादी असताना. सर्वच निष्कर्ष जुळत नाहीत. शिवाय आतले माप ढळल्याने कणा वळतो की कणा वळल्याने माप ढळते, याबद्दलही तज्ज्ञांत एकमत नाही.

व्यवहारात मात्र एक गोष्ट वारंवार दिसते. वक्रता हळूहळू वाढते आणि मेंदू त्या कललेल्या स्थितीलाच सरळ मानू लागतो. अशा मुलीला हाताने धरून खरोखर सरळ उभे केले, तर ती म्हणते, "मी एका बाजूला पडतेय." आरशात पाहिल्यावरच तिची खात्री पटते. तेव्हा 'सरळ राहा' म्हटल्याने तिने काय करावे? तिच्या हिशेबी ती सरळच उभी असते!

जर्मनीतील कॅथरिना श्रॉथ (1894–1985) यांना स्वतःला हा विकार होता आणि पोलादी पट्टा वापरावा लागला होता. आरशापुढे उभे राहून, दबलेल्या बाजूत श्वास भरून त्यांनी स्वतःवर प्रयोग केले आणि 1921 च्या सुमारास माइसेन येथे इतरांवर उपचार सुरू केले. आजही त्या पद्धतीत आरशाचे स्थान मोठे आहे. आतला ओळंबा डोळ्यांच्या साहाय्याने पुन्हा लावून घ्यावयाचा, असेच म्हणा ना.

केवळ व्यायामावर विसंबू नये, हेही तितकेच खरे. वक्रता मध्यम असून वाढ शिल्लक असल्यास ब्रेस लागतो. अमेरिका व कॅनडातील 25 केंद्रांच्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांची वक्रता वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांपर्यंत पोहोचली नाही. ब्रेस न वापरणाऱ्यांत हे प्रमाण 48 टक्के होते. रोज 13 तासांहून अधिक वापरणाऱ्यांत तर यश 90 टक्क्यांवर गेले. परंतु आपल्याकडे मुलीच्या लग्नाच्या चिंतेने ब्रेस लपविला जातो, पाहुणे आले की काढला जातो. हे तास वाया जातात आणि वाढीची वर्षे परत येत नाहीत.

दुखत नसल्याने हा विकार पुष्कळदा शिंप्याच्याच प्रथम लक्षात येतो: एक खांदा वर, झग्याचा घेर एका बाजूस उचललेला. घरी पाहावयाचे झाल्यास मुलाला पावले जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून पुढे वाकावयास सांगावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. लंडनचे विल्यम ॲडम्स यांची 1865 ची ही चाचणी. खर्च काही नाही.

ज्यांना मुलांची तपासणी करून घ्यावयाची आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर मागील दालनात यावे. मुलींसाठी महिला डॉक्टर थांबल्या आहेत.