काय सुटे, काय बांधलेले



६ ऑक्टोबर २०२२ ची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मुंबईहून गांधीनगरला जाणाऱ्या वंदे भारत एक्स्प्रेसला अहमदाबादजवळ, वटवा आणि मणिनगर या स्थानकांच्या दरम्यान म्हशी आडव्या आल्या आणि गाडीचे नाक फुटले. गाडी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. फुटक्या नाकाचे फोटो घरोघर पोहोचले, चेष्टा झाली. माझ्या पुतण्याचा फोन आला, "काका, तुमची नवी गाडी म्हशीपुढेही टिकली नाही की!" मी म्हटले, "उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी तीच गाडी नवे नाक लावून वेळेवर मुंबईहून सुटली. रात्रीत मुंबई सेंट्रलच्या डेपोमध्ये ते बदलले गेले होते. (त्या दिवशी आणंदजवळ पुन्हा एक गाय आडवी आली, पण तो भाग गाडीच्या आराखड्यात येत नाही, रुळांच्या कडेच्या कुंपणात येतो.) ते नाक फायबरचे असते. वारा कापण्यासाठी आणि दिसायला बरे म्हणून बसवलेले, मागच्या पोलादी सांगाड्यापासून वेगळे. फुटले की काढायचे, दुसरे बसवायचे. लोकांना तो कच्चेपणा वाटला. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या डब्यांच्या देखभालीत गेली, मला त्यात आराखडा करणाऱ्याचे शहाणपण दिसले. गाडीत कोणती वस्तू चटकन सुटी व्हावी आणि कोणती काही झाले तरी सुटू नये, हे ठरवणे हेच आजच्या लांब पल्ल्याच्या गाडीच्या रचनेतले खरे काम आहे. त्याविषयीच आज बोलणार आहे.

आधी एक खुलासा. आपण सर्रास डब्याला 'बोगी' म्हणतो. रेल्वेत बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. एका डब्याखाली असे दोन गाडे असतात आणि डबा त्यांच्यावर टेकलेला असतो. म्हणजे डबासुद्धा मुळात सुट्या भागांचाच. कारखान्यात क्रेनने डबा उचलतात, खालचे गाडे ढकलून बाहेर काढतात आणि दुरुस्त केलेले दुसरे आत सारतात.

आता जुन्या डब्याकडे येऊ. २ ऑक्टोबर १९५५ रोजी मद्रासजवळ पेरांबूर येथे इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. डब्याचा नमुना स्वित्झर्लंडमधल्या श्लीरेन येथील कंपनीचा. त्याआधी आपल्याकडे लोखंडी चौकटीवर लाकडी डबा बसवलेला असे आणि अपघातात त्याची ढलपी ढलपी होई. पेरांबूरचा डबा सबंध पोलादाचा होता. चौकट, भिंती, छप्पर मिळून एकच पेटी. 'इंटिग्रल' या शब्दाचा अर्थच तो. त्या काळाच्या मानाने ही मोठी झेप होती आणि साठ वर्षांहून अधिक काळ या डब्याने आपल्याला देशभर फिरवले. २०१८ मध्ये त्या कारखान्यातून या जातीचा शेवटचा डबा बाहेर पडला.

मात्र दोन डब्यांमधली जोडणी जुनीच राहिली होती. दोन्ही बाजूंना बफर आणि मध्ये स्क्रू कपलिंग, म्हणजे आकड्यात अडकवून आवळायचा मोठा साखळदांड. ती जोडायला माणसाला दोन डब्यांच्या मध्ये, बफरांखालून वाकून शिरावे लागे. पावसाळ्यातली रात्र, हातात कंदील, वर मणावारी वजनाचा आकडा आणि शंटरच्या शिट्टीकडे लागलेला कान. हे काम करणारे पॉइंट्समन मी जवळून पाहिले आहेत. इंजिनाने अवेळी एक धक्का दिला तर काय होई, ते सांगायला नको.

प्रवाशांच्या दृष्टीने धोका वेगळा होता. गाडी घसरली किंवा आदळली की ही जोडणी तुटे, बफर एकमेकांवरून निसटत आणि मागचा डबा पुढच्या डब्यावर चढे. अपघाताच्या जुन्या छायाचित्रांत एकावर एक चढलेले डबे दिसतात ते यामुळे. जे बांधलेले राहायला हवे होते, तेच सुटत होते.

यावर उपाय म्हणून १९९५ मध्ये जर्मनीतल्या लिंके-हॉफमन-बुश या कंपनीशी करार झाला. २००० साली पहिले २४ डबे तिकडून आले आणि पुढे कपूरथळ्याच्या कारखान्यात ते बनू लागले. हाच आपला 'एलएचबी' डबा. त्याच्या दोन टोकांना मधोमध एकेक कपलर असतो, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसा. डबे टेकले की तो आपोआप लागतो आणि एक डबा दुसऱ्यावर चढू नये अशी त्याची घडण असते. घसरलेले डबे पुष्कळदा ओळीतच, कलंडलेले पण एकमेकांना धरून राहतात. शरीर स्टेनलेस स्टीलचे, ब्रेक चाकाच्या कडेवर न दाबता आसावरच्या तबकड्यांवर लागणारे, वेगमर्यादा ताशी १६० किलोमीटर. डबा सुमारे दोन मीटरने लांब, म्हणून स्लीपरमध्ये ७२ ऐवजी ८० बर्थ.

पण कपलर म्हणजे जादूटोणा नव्हे. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ कोरोमंडल एक्स्प्रेस चुकीच्या मार्गावर जाऊन उभ्या मालगाडीवर आदळली आणि सुमारे तीनशे माणसे गेली. त्या गाडीला एलएचबी डबेच होते. लोहखनिजाने भरलेल्या मालगाडीवर पूर्ण वेगाने आदळल्यावर कोणत्याही डब्याचे काही चालत नाही. तिथे सिग्नलनेच वाचवायचे असते.

या नव्या डब्यांविषयी सुरुवातीला एकच तक्रार यायची, ती झटक्यांची. गाडी सुटताना आणि थांबताना असा हिसका बसे की कपातला चहा बशीत नाही, थेट मांडीवर! आम्हा देखभालवाल्यांनाच लोक धारेवर धरत. कारण साधे होते. जुन्या जोडणीत बफर सतत दाबलेले असत, नव्या कपलरमध्ये थोडी ढील होती आणि वीस-बावीस डब्यांची ढील साठून एक दणका बसे. पुढे कपलरमागची झटका शोषणारी यंत्रणा बदलली आणि बराच आराम पडला. सांधा मजबूत असून भागत नाही, तो घट्टही हवा.

आता सुट्या व्हायच्या वस्तूंकडे वळतो. बाहेरची पेटी एकच ठेवून आत वाटेल तो संसार मांडायचा, ही आजच्या डब्याची खुबी. त्याच पेटीत थ्री-टियर, चेअर कार, पॅन्ट्री. जून २०२१ मध्ये डेक्कन एक्स्प्रेसला लागलेला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम त्याच घराण्यातला. जून २०२२ मध्ये डेक्कन क्वीनला एलएचबी डबे मिळाले, तेव्हा तिची डायनिंग कारही नव्या डब्यात आली. १९३० पासूनची गाडी, ऑम्लेट-टोस्टची सवय मोडली असती तर पुणेकरांनी कोणाला सोडले असते?

जुन्या डब्यालाही ही लवचीकता थोडीफार होती. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, मधले बर्थ काढून आणि एका संडासाचे न्हाणीघर करून हजारो जुने डबे विलगीकरण कक्ष बनवले गेले. २०२१ मध्ये नंदुरबारला त्यांत रुग्ण ठेवलेही होते.

पण फळी बसते म्हणून बसवू नये, हेही आपण अनुभवाने शिकलो. २००७ च्या सुमारास बाजूच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा बर्थ घालण्याची टूम निघाली. आकडेमोडीत फायदा स्वच्छ दिसत होता. पण खालच्याला बसता येईना, मधल्याला कूस बदलता येईना. प्रवाशांनी इतका आरडाओरडा केला की २००९ मध्ये स्लीपर डब्यांतून तो काढून टाकावा लागला. याउलट २०२१ मध्ये आलेला थ्री-टियर इकॉनॉमी डबा पाहा. तिथे विजेच्या फळ्यांची कपाटे डब्यातून काढून खाली, पट्ट्याखाली नेली आणि मोकळ्या जागेत बर्थ वाढवले. ७२ चे ८३ झाले. थोडी दाटी झाली, नाही असे नाही. नंतर लक्षात आले की चादरी-ब्लँकेटे ठेवायला जागाच राहिली नाही! मग पुन्हा तीन बर्थ कमी केले. कागदावर चादर जागा खात नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा सुटा भाग मात्र संडास. त्याविषयी बोलायला माणसे संकोचतात, मी संकोचणार नाही. जुन्या डब्यात तो म्हणजे जमिनीला पाडलेले भोक. मैला थेट रुळांवर. स्थानकात तो कोणाच्या हातांनी उचलला जाई, हे आपण सर्वांनी पाहिले आहे आणि नजर वळवली आहे. शिवाय डब्यातला पोलाद सर्वांत आधी गंजे तो तिथेच, संडासाखाली. एलएचबी डब्यात संडास हा स्वतंत्र खोका म्हणून बनतो आणि आयता आत बसवला जातो. त्याचे पाणी डब्याच्या हाडापर्यंत झिरपत नाही. पुढे संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे डीआरडीओच्या मदतीने जैविक टाक्या आल्या आणि या दशकाच्या तोंडावर प्रवासी डब्यांना त्या सरसकट लागल्या. रुळांवरची घाण थांबली. आमच्या लोकांच्या पदरी मात्र टाक्या साफ करणे आले. त्यातून काय निघत नाही? प्लॅस्टिकच्या बाटल्या, लहान मुलांचे डायपर, एकदा तर सबंध टॉवेल. बाटली फेकणाऱ्याला वाटते ती गेली. ती जात नाही, श्रोतेहो, ती कोणीतरी काढतो.

आता वंदे भारत. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्ली–वाराणसी मार्गावर ती प्रथम धावली. तिला वेगळे इंजिन नाही. चार डब्यांचा एक संच, त्यातल्या दोन डब्यांना मोटारी, एकाखाली ट्रान्सफॉर्मर. असे चार संच जोडले की १६ डब्यांची गाडी, दोन जोडले की ८ ची, पाच जोडले की २० ची. लहान मुलांच्या ठोकळ्यांसारखे. एका संचाने मान टाकली तरी बाकीचे गाडी ओढू शकतात.

याचा फायदा पाहायचा तर आपल्या बोरघाटात पाहावा. कर्जत ते लोणावळा चढ ३७ मीटरला एक मीटर असा आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरते, म्हणून एका इंजिनाच्या मोजक्या चाकांवर अवजड गाडी तिथे चढत नाही. कर्जतला मागून बँकर इंजिने लावावी लागतात. तोवर आपण वडा खाऊन घेतो. वंदे भारतच्या ६४ आसांपैकी ३२ आसांना मोटारी आहेत. जोर सगळ्या गाडीभर वाटलेला असल्याने फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई–सोलापूर वंदे भारत बँकरशिवायच घाट चढते.

मग सुट्या डब्यांची गाडी मोडीतच काढावी का? इथे मात्र माझे मन थबकते. जुन्या पद्धतीत एक डबा बिघडला तर वाटेतल्या मोठ्या स्थानकात तो कापून सिक लाइनवर टाकायचा, जवळ असेल तर दुसरा जोडायचा आणि गाडी पुढे पाठवायची. वंदे भारतच्या संचातले डबे तसे वाटेत सोडवता येत नाहीत, ते काम डेपोतच होते. म्हणजे एका डब्यासाठी सबंध गाडी अडकते आणि तिच्या जागी पाठवायला दुसरी गाडी तयार असावी लागते. दिवसाच्या प्रवासात हे निभते. पण २०२६ च्या जानेवारीत हावडा–कामाख्या मार्गावर वंदे भारतची स्लीपर गाडीही सुरू झाली आहे. रात्री दोन वाजता एका डब्याचे वातानुकूलन बंद पडले तर झोपलेल्या माणसांना कुठे हलवायचे? गाडी पूर्ण भरलेली असते.

मधला एक मार्ग मला अधिक रुचतो, तो अमृत भारतचा. डिसेंबर २०२३ मध्ये ही गाडी आली. दोन्ही टोकांना इंजिने, एक ओढते, एक ढकलते. डबे साधे, बिगरवातानुकूलित, पण मधले कपलर बिनढिलीचे, त्यामुळे हिसके नाहीत. एप्रिल २०२५ पासून सहरसा ते लोकमान्य टिळक टर्मिनस अशी एक अमृत भारत धावते. बिहारमधून कामासाठी मुंबईला येणारा मजूर जनरल डब्यात दीड दिवस बसून येतो. आराखड्यातली सुधारणा इतकी वर्षे वरच्या वर्गातून सुरू होई आणि त्याच्यापर्यंत यायला वीस वर्षे लागत. या वेळी तो अंतराळ कमी झाला.

मागच्या वर्षी पुतण्याला घेऊन सोलापूरला गेलो, वंदे भारतनेच. घाटात तो खिडकीला नाक लावून बसला होता. म्हणाला, "काका, मागे इंजिन लावलेच नाही." मी म्हटले, "तू बसला आहेस ना, त्याच्या आसपास कुठेतरी खालीच आहे." कर्जतला गाडी थांबली नाही. वडा घरूनच न्यायला हवा होता.