नवागतांचे सोबती

कळमनुरीहून पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर मागे टाकीत नांदेडास पोहोचतो आणि विष्णुपुरीच्या विद्यापीठ-परिसरात दाखल होतो, तेव्हा त्याच्या पिशवीत गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा असतो. नसते ती एवढीच माहिती, की यांपैकी कोणता कागद कोणत्या दफ्तरी रुजू करावयाचा. त्याच्या पणजोबांच्या काळी, मराठवाडा निजामाच्या अमलाखाली असताना, उच्च शिक्षणासाठी १९१८ साली स्थापन झालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे, आणि तेथे अध्यापनाची भाषा उर्दू. पुढे १९५८ साली औरंगाबादेस व १९९४ साली नांदेडास विद्यापीठ झाले, अंतर घटले. परकेपणा तितकाच घटला, असे मात्र म्हणवत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९ च्या ‘दीक्षारंभ’ उपक्रमाने नवागतांच्या स्वागतात ज्येष्ठ विद्यार्थ्यांनाही सामावून घेतले. ज्या थोरल्यांच्या भयापोटी १९९९ साली राज्याला रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला, त्यांनाच सोबती नेमणे, ही कल्पना मला धीट वाटते, आणि रास्तही. कारण शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला मुदतीतला हवा, बँकखाते आधारशी जोडलेले हवे, हे थोरल्याने पहिल्याच दिवशी कँटीनच्या बाकावर अर्ज उलगडून, रकान्यावर बोट ठेवून सांगितले, तर कळमनुरीच्या तहसिलीचा एक हेलपाटा वाचतो, आणि एस.टी.चे भाडेही.